विश्लेषण : 'एस्कॉर्ट सर्व्हिस'ची नोंदणी होते का? मग त्या कमाईवर कर कसा लागतो?

वऱ्हाडात 'एस्कॉर्ट' म्हटले की जुन्या माणसांना आजही ट्रॅक्टर आठवतो. मोबाइलवर मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. 'अमरावती-अकोल्यात एस्कॉर्ट जॉब, रोज दहा हजार कमवा, आमची कंपनी सरकारमान्य, आधी फक्त रजिस्ट्रेशन फी भरा' अशा धाटणीचे मेसेज व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर फिरत असतात. त्यासोबत एखादे 'प्रमाणपत्र'ही येते. त्यावर राजमुद्रा असते, जीएसटी क्रमांक असतो आणि खाली कोणाची तरी सही असते.

हे प्रमाणपत्र खरे असू शकते का? भारतात अशी कंपनी काढता येते का? आणि एखादी सज्ञान महिला स्वतःच्या मर्जीने, एकटीने हे काम करत असेल तर तिच्या कमाईवर आयकर लागतो का? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'नाही' आहे आणि तिसऱ्याचे 'हो'. ही उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत असे वाटेल. पण कायदा तसाच आहे आणि त्या न जुळण्याची किंमत कोण मोजते हे समजून घेण्यासारखे आहे.

हे काम गुन्हा आहे की नाही?

या विषयावरचा मुख्य कायदा म्हणजे अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६. बातम्यांमध्ये आपण त्याला 'पिटा' म्हणतो. अनेकांचा समज असा की, पिटाने देहविक्रीवर बंदी घातली आहे. तसे नाही. सज्ञान व्यक्तीने स्वतःच्या इच्छेने, एकटीने, खासगी जागेत पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणे याला पिटामध्ये शिक्षा नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये हेच स्पष्ट केले होते. मालाडमधील एका कारवाईत ताब्यात घेतलेल्या तीन सज्ञान तरुणींना दंडाधिकाऱ्यांनी सुधारगृहात ठेवण्याचा आदेश दिला होता. न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी तो रद्द केला. देहविक्री हा स्वतःहून गुन्हा ठरवणारी तरतूद या कायद्यात नाही आणि सज्ञान महिलेला तिच्या मर्जीविरुद्ध डांबून ठेवता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

मग गुन्हा काय आहे? तर त्या महिलेच्या आजूबाजूचे जवळपास सगळे. कुंटणखाना चालवणे (कलम ३) याला पहिल्याच दोषसिद्धीला किमान एक ते कमाल तीन वर्षे सक्तमजुरी आहे. जाणूनबुजून त्यासाठी जागा देणारा घरमालक किंवा लॉजमालकही त्याच कलमात येतो. दुसऱ्याच्या देहविक्रीच्या कमाईवर जगणे (कलम ४) याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. एखाद्या व्यक्तीला या कामासाठी मिळवून देणे, आणणे, पाठवणे (कलम ५) याला तीन ते सात वर्षे, आणि तिच्या इच्छेविरुद्ध असेल तर सात ते चौदा वर्षे. व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर शिक्षा याहून कडक होते, पॉक्सो कायदाही लागतो आणि संमतीचा प्रश्नच उरत नाही. सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाइकाला बोलावणे (कलम ८) हाही गुन्हा आहे आणि तो थेट त्या महिलेवरच लागतो.

कलम ७ तर नकाशाच बदलून टाकते. धार्मिक स्थळ, शाळा-कॉलेज, वसतिगृह, रुग्णालय यांपासून दोनशे मीटरच्या आत हे काम केले तर महिलेला आणि गिऱ्हाइकाला, दोघांनाही तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अमरावतीच्या राजकमल चौकातून किंवा अकोल्याच्या टिळक रोडवरून चालायला लागा. दोनशे मीटरमध्ये मंदिर, मशीद, शाळा, दवाखाना यांपैकी काही ना काही लागणारच. कागदावर 'खासगी जागेत गुन्हा नाही', पण शहराच्या मध्यवस्तीत अशी जागा शोधूनही सापडणे कठीण. नागपूरच्या गंगा-जमुना वस्तीत ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी नाकाबंदी केली, तेव्हाही शाळा-मंदिरांपासूनच्या अंतराचा मुद्दा पुढे आला होता.

दोघींनी मिळून खोली घेतली तर?

'छोटा व्यवसाय' या कल्पनेची खरी अडचण इथे आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

पिटामध्ये कुंटणखान्याची व्याख्या आहे. एखादे घर, खोली, वाहन किंवा जागा दुसऱ्या व्यक्तीच्या फायद्यासाठी 'किंवा दोन अथवा अधिक महिलांच्या परस्पर फायद्यासाठी' वापरली जात असेल तर ती कुंटणखाना ठरते. या वाक्याचा दुसरा भाग नीट वाचा. कुणी मालक नाही, दलाल नाही, जबरदस्ती नाही. दोन सज्ञान मैत्रिणींनी भाडे वाटून घेण्यासाठी आणि एकमेकींवर लक्ष राहावे म्हणून एक खोली घेतली. कायद्याच्या भाषेत तो कुंटणखाना होऊ शकतो आणि दोघी चालवणाऱ्या.

म्हणजे एकटी राहील तर गुन्हा नाही, पण एकटी राहणे हेच सर्वात धोक्याचे. कुणी दारू पिऊन आला, पैसे न देता मारहाण करू लागला तर शेजारच्या खोलीत हाक मारायला कुणी नाही. सुरक्षिततेसाठी जी पहिली साधी गोष्ट कुणीही करेल, तीच तिला गुन्ह्यात नेते.

कलम ४ त्याहून पुढे जाते. देहविक्रीच्या कमाईवर पूर्णतः किंवा अंशतः जगणाऱ्या १८ वर्षांवरील कोणत्याही व्यक्तीला ते लागू होते. हेतू दलालांना पकडण्याचा आहे, पण शब्दांमध्ये तसा फरक नाही. तिच्या पैशांतून औषध घेणारी म्हातारी आई, तिच्या पैशांतून आयटीआयची फी भरणारा १९ वर्षांचा मुलगा, हेही शब्दशः त्यात बसू शकतात. शिवाय अशा महिलेसोबत राहणारी किंवा सतत तिच्या सोबत असणारी व्यक्ती तिच्या कमाईवर जगते असे कायदा गृहीत धरतो; तसे नाही हे त्या व्यक्तीने सिद्ध करायचे. मुलगा सतरा वर्षांचा असेपर्यंत ठीक. अठरावा वाढदिवस झाला की आईच्या घरात राहणे हा त्याच्यासाठी कायदेशीर धोका.

आता या चौकटीत 'एस्कॉर्ट एजन्सी' ठेवून पाहा. एजन्सी म्हणजे फोन घेणारा, वेबसाइट चालवणारा, महिलेला ठिकाणी पाठवणारा आणि कमिशन कापणारा. यातली जवळजवळ प्रत्येक कृती कलम ४ किंवा ५ मध्ये येते. 'आम्ही फक्त सोबत पुरवतो, पुढचे त्यांचे ते बघतील' हा बचाव नाव बदलून होत नाही. व्यवहार प्रत्यक्षात काय आहे हे पाहिले जाते. जून २०१६ मध्ये केंद्र सरकारने अशा सेवांच्या २४० वेबसाइट बंद करण्याचे आदेश इंटरनेट कंपन्यांना दिले होते.

मग 'सरकारमान्य' प्रमाणपत्र कुठून येते?

कंपनी कायदा, २०१३ मध्ये कंपनी 'कायदेशीर उद्देशासाठी' स्थापन करता येते असे सुरुवातीलाच म्हटले आहे. एलएलपीचेही तेच. भागीदारी करार करायचा तर १८७२ च्या करार कायद्याचे कलम २३ आडवे येते. ज्या कराराचा उद्देश बेकायदा, अनैतिक किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, तो करारच रद्दबातल. कंपनीच्या कागदांत उद्देश वेगळाच दाखवून नोंदणी घेतली तर ती फसवणूक ठरते. म्हणजे आणखी एक गुन्हा.

पण काही नोंदण्या स्वयंघोषणेवर होतात आणि फसवणारे नेमका याचाच फायदा घेतात. उद्यम नोंदणी मोफत आहे, ऑनलाइन आहे आणि आधार-पॅनवर होते. तिथे व्यवसायाचा सांकेतिक क्रमांक निवडावा लागतो. गंमत म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाच्या २००८ च्या यादीत 'इतर वैयक्तिक सेवा' या ९६०९ क्रमांकाच्या वर्गात एस्कॉर्ट सेवा, डेटिंग सेवा आणि विवाहमंडळे एकाच ओळीत आहेत. ही यादी संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणावरून घेतलेली आहे. जगातला कोणताही उद्योग मोजणीतून सुटू नये, एवढाच तिचा हेतू. आकडेवारीच्या यादीत नाव आहे म्हणजे परवानगी आहे असे नाही. वधू-वर सूचक मंडळाच्या शेजारी नाव छापून आल्याने पिटा बदलत नाही.

शॉप ॲक्टचेही तसेच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीसुद्धा नसते, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. त्या सूचनेची पावती फ्रेम करून भिंतीला लावली तरी ती परवाना होत नाही. जीएसटीचा क्रमांक म्हणजे कर भरण्यासाठी दिलेला क्रमांक. धंदा कायदेशीर असल्याचा दाखला नव्हे.

थोडक्यात, मेसेजसोबत आलेले प्रमाणपत्र एकतर बनावट असते किंवा खरे असूनही त्याचा अर्थ सांगितला जातो तो नसतो.

परदेशात चालते ना?

इंटरनेटवर 'एस्कॉर्ट व्यवसायाची नोंदणी कशी करावी' असे शोधले की जी माहिती येते ती बहुतेक बाहेरच्या देशांची असते. तिथले नियम इथे लागू नाहीत, तरी तुलनेसाठी पाहण्यासारखे आहेत. न्यूझीलंडने २००३ मध्ये कायदा बदलला. तिथे चारपर्यंत महिला एकत्र काम करत असतील आणि प्रत्येकीचा स्वतःच्या कमाईवर ताबा असेल तर चालक म्हणून प्रमाणपत्राची गरज नाही. आपल्याकडे जो कुंटणखाना, तो तिथे छोटा व्यवसाय. जर्मनीत २०१७ पासून या कामासाठी नोंदणी सक्तीची आहे. पण तिथल्या अनेक महिला नाव उघड होईल या भीतीने नोंदणी टाळतात, अशी तिथल्या संघटनांची तक्रार आहे. नोंदणी आली की सगळे प्रश्न सुटतात असे तिथेही झालेले नाही.

लंडनचे एक प्रकरण मात्र मला आपल्या परिस्थितीच्या सर्वात जवळचे वाटते. लिंडी सेंट क्लेअर नावाच्या महिलेने तिच्या हिशेबनीसाच्या सल्ल्याने १९७९ मध्ये स्वतःच्या देहव्यवसायाची कंपनी नोंदवली. आधी सुचवलेली नावे निबंधकांनी नाकारली, शेवटी 'लिंडी सेंट क्लेअर (पर्सनल सर्व्हिसेस) लिमिटेड' हे नाव मिळाले. वर्षभरात सरकारचाच सर्वोच्च कायदा अधिकारी न्यायालयात गेला आणि उद्देश सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे म्हणून नोंदणी रद्द झाली. पण कर खात्याने तिचा पिच्छा सोडला नाही. तुम्ही कर घेता म्हणजे तुम्हीही माझ्या कमाईवर जगता, असे तिचे म्हणणे होते. १९९० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निकाल दिला की, ही कमाई म्हणजे व्यापाराचा नफा आहे आणि कर भरावा लागेल. कंपनी म्हणून मान्यता नाही, करदाती म्हणून मात्र पूर्ण मान्यता.

भारतात कर कसा लागतो?

आपले कर खातेही पैसा कसा आला हे नैतिकतेच्या चष्म्यातून पाहत नाही. उत्पन्न म्हणजे उत्पन्न. पियारा सिंग यांचे प्रकरण कर शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. हे गृहस्थ १९५८ मध्ये ६५ हजार ५०० रुपये घेऊन पाकिस्तान सीमा ओलांडताना पकडले गेले. सोने आणून तस्करी करायचा बेत होता. रक्कम जप्त झाली. आयकर खात्याने त्यांच्यावर तस्करीच्या उत्पन्नाचा कर लावला. ते म्हणाले, तस्करी हाच माझा धंदा धरता, तर जप्त झालेली रक्कम धंद्यातला तोटा धरा. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले!

सरकारला हे अर्थातच रुचले नाही. १९९८ मध्ये कायद्यात स्पष्टीकरण घातले गेले की, जो खर्च गुन्हा असलेल्या किंवा कायद्याने मनाई केलेल्या कामासाठी झाला, तो उत्पन्नातून वजा करता येणार नाही. आज एजन्सी चालवणाऱ्याची अवस्था यामुळे दोन्हीकडून कोंडीची आहे. समजा त्याच्याकडे वर्षाला दहा लाख जमा झाले आणि त्यातले सहा लाख त्याने महिलांना दिले, तर ते सहा लाख खर्च म्हणून नाकारले जाऊ शकतात आणि कर पूर्ण दहा लाखांवर मोजला जाऊ शकतो. छोट्या व्यावसायिकांसाठी असलेली अंदाजित नफ्याची सोपी योजनाही त्याला नाही, कारण कमिशन आणि एजन्सीचे उत्पन्न त्यातून वगळलेले आहे. कर भरला म्हणून पिटापासून सुटका नाही, आणि पिटाची काही कलमे मनी लॉन्डरिंग कायद्याच्या परिशिष्टात असल्याने ईडीचाही संबंध येऊ शकतो.

एकट्या महिलेचे गणित वेगळे आहे. तिचे काम गुन्हा नाही, म्हणून तिचे उत्पन्न दाखवणे म्हणजे गुन्ह्याची कबुली नाही. आकड्यांत पाहू. समजा बडनेऱ्यात राहणारी एक महिला महिन्याला ४० हजार कमावते. वर्षाचे झाले ४ लाख ८० हजार. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या कर प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, त्यापुढच्या ८० हजारांवर पाच टक्के म्हणजे ४ हजार रुपये. आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ अ ची सूट असल्याने तेही माफ. भरायचा कर शून्य. पण उत्पन्न ४ लाखांवर गेल्याने विवरणपत्र भरणे मात्र बंधनकारक.

आता तीच महिला विवरणपत्र भरत नाही, असे धरू. रोख पैसे बँकेत टाकत राहते. एक दिवस नोटीस येते की हे पैसे कुठून आले. ती घाबरून काहीच सांगत नाही किंवा 'भावाने दिले' असे काहीतरी सांगते, जे टिकत नाही. मग ही रक्कम 'अस्पष्ट पैसा' धरली जाते. १९६१ च्या कायद्यात त्यावर कलम ११५ बीबीई नुसार ६० टक्के कर, त्या करावर २५ टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ७८ टक्के. ४ लाख ८० हजारांवर ३ लाख ७४ हजार ४०० रुपये, दंड वेगळा. ८७ अ ची सूट इथे मिळत नाही.

शून्य आणि पावणेचार लाख. दोन्ही रकमा एकाच महिलेच्या, एकाच कमाईवरच्या. फरक फक्त ती बोलू शकली की नाही एवढाच.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा नवा आयकर कायदा घेतो, त्यामुळे त्यानंतरच्या उत्पन्नासाठी कलमांचे क्रमांक बदलतात आणि दर त्या त्या वर्षाचे पाहावे लागतात. उत्पन्न करपात्र असणे मात्र बदललेले नाही. विवरणपत्रात 'देहविक्री' असा रकाना नाही. उत्पन्न कोणत्या सदरात दाखवायचे, कोणता खर्च धरायचा हे सीएशी बोलूनच ठरवावे, कारण चुकीचा व्यवसाय लिहिणे पुढे अंगलट येऊ शकते. तारीख, मिळालेली रक्कम आणि खर्च एवढी साधी वही असली तरी नोटिशीला उत्तर देता येते. त्यात गिऱ्हाइकाचे नाव लिहिण्याची गरज नाही. जीएसटी हा प्रश्न सेवेच्या उलाढालीने वर्षाला २० लाख ओलांडल्यावर येतो. वरच्या उदाहरणातल्या महिलेचा त्याच्याशी संबंध नाही.

पण पॅन, आधारच नसेल तर?

विवरणपत्र भरायचे तर पॅन हवे, पॅनला आधार हवे, आधारला पत्ता हवा. घर सोडून आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या महिलेकडे पत्त्याचा पुरावा नसतो आणि घरमालक भाडेकरार देत नाही. का देत नाही हे वर आलेच आहे. करारावर सही केली तर कलम ३ त्याच्या दारात.

या गाठीवर सर्वोच्च न्यायालयाने काम केले आहे. कोलकात्यात १९९९ मध्ये एका सेक्सवर्कर महिलेचा खून झाला. आरोपीचे अपील फेटाळल्यानंतर न्यायालयाने ते प्रकरण बंद न करता २०११ मध्ये या महिलांच्या पुनर्वसनासाठी आणि सन्मानाने जगण्याच्या परिस्थितीसाठी समिती नेमली. त्याच बुद्धदेव करमासकर प्रकरणात १९ मे २०२२ चा गाजलेला आदेश आला. न्या. एल. नागेश्वर राव, न्या. भूषण गवई आणि न्या. ए. एस. बोपण्णा यांचे ते खंडपीठ होते. अमरावतीचे भूमिपुत्र गवई पुढे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले, हे वाचकांना माहीत आहेच.

त्या दिवशी 'देहविक्री आता कायदेशीर पेशा' असे मथळे झळकले. ते अर्धवट होते. समितीच्या दहा शिफारशींपैकी ज्या सहांवर केंद्राची हरकत नव्हती, त्यांचेच पालन न्यायालयाने बंधनकारक केले. लैंगिक अत्याचार झालेल्या सेक्सवर्करला इतर कोणत्याही पीडितेसारखी वैद्यकीय मदत, पोलिसांनी माणुसकीने वागणे, निरोध सापडला म्हणून तो पुरावा न धरणे हे त्यात आले. 'छाप्यात मर्जीने काम करणाऱ्या महिलेला अटक करू नये' ही शिफारस मात्र केंद्राची हरकत असलेल्यांत राहिली. पिटाही जसाच्या तसा आहे.

त्या आदेशातला माध्यमांविषयीचा भाग आम्हालाही लागू आहे. छाप्याच्या बातमीत महिलांची ओळख उघड होईल असे छायाचित्र किंवा नाव देऊ नये. ओढणीने तोंड झाकलेल्या रांगेचे फोटो छापण्याची आमच्या धंद्याची सवय अजून पूर्ण गेलेली नाही, हे मान्य करायला हवे.

आधारचा मुद्दा या आदेशातला सर्वात उपयोगाचा. पत्त्याचा पुरावा नसला तरी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेतील राजपत्रित अधिकारी किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेचे प्रकल्प संचालक यांनी ठरावीक नमुन्यात दिलेल्या प्रमाणपत्रावर आधार मिळू शकते. कार्डावर किंवा नोंदणी क्रमांकात ही महिला काय काम करते हे कळेल असा कोणताही संकेत असू नये, असेही बजावले आहे. अमरावती आणि अकोल्यात यासाठी जिल्ह्याचे एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक किंवा या क्षेत्रात काम करणारी संस्था हा पहिला दुवा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देणे हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे काम आहे. त्यांची हेल्पलाइन १५१००. आयकराची किंवा पिटाची नोटीस आली तर गल्लीतल्या ओळखीच्या 'एजंट'कडे जाण्याआधी इथे फोन करावा.

कागद नसण्याचा फटका करोनाकाळात सगळ्यांनी पाहिला. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, ओळखपत्राचा आग्रह न धरता या महिलांना रेशन द्या. महाराष्ट्राने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० साठी महिन्याला पाच हजार रुपये आणि शाळकरी मुले असलेल्यांना अडीच हजार जास्तीची मदत जाहीर केली. तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा मतदारसंघाच्या यशोमती ठाकूर. ही रक्कम खात्यात जमा व्हायची होती, म्हणजे ज्यांचे खाते होते त्यांच्यासाठी वाट सोपी होती.

एकत्र येऊन नोंदणी झाल्याचे एकही उदाहरण नाही का?

आहे, पण ते धंद्याच्या नोंदणीचे नाही. कोलकात्याच्या सोनागाचीतल्या महिलांनी १९९५ मध्ये 'उषा' ही सहकारी संस्था नोंदवली. तिथल्या सहकार कायद्यात सभासद 'चांगल्या चारित्र्याचा' असावा अशी अट होती, त्यावरून गाडी अडली. गृहिणी म्हणून नोंदणी करा, असा मार्ग त्यांना सुचवला गेला. त्यांनी तो नाकारला. अखेर सरकारला ती अट बाजूला करावी लागली आणि त्या सेक्सवर्कर म्हणूनच सभासद झाल्या. संस्था करते काय? बचत आणि कर्ज. सावकाराच्या व्याजातून सुटणे हा तिचा पहिला हेतू. आपल्याकडे सांगलीत 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' नव्वदच्या दशकापासून अशाच महिलांची संघटना म्हणून उभी आहे. पिटा बचत गटाला, पतसंस्थेला किंवा संघटनेला आडवा येत नाही.

'रजिस्ट्रेशन फी' भरून बसलात तर?

सुरुवातीच्या मेसेजकडे परत येऊ. त्याची पद्धत ठरलेली असते. आधी छोटी रक्कम नोंदणीसाठी, मग ओळखपत्र, मग हॉटेलचे डिपॉझिट, मग 'परत मिळणारा' जीएसटी. शेवटी भरलेले फोटो आणि आधारची प्रत दाखवून 'घरी पाठवू' ही धमकी. याला बळी पडणारे बहुतांश नोकरीच्या शोधात असलेले तरुण असतात. माझ्या इंजिनिअरिंगच्या बॅचमधल्या एकाने असेच पैसे घालवले आणि दोन वर्षे कुणाला सांगितले नाही. 'मीच चुकीच्या कामासाठी पैसे दिले, तक्रार कशी करू' असे त्याला वाटत होते. फसवणाऱ्याचे भांडवल हेच असते.

तक्रार करता येते. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आणि धमकावून पैसे उकळण्याला कलम ३०८ आहे, ऑनलाइन तोतयेगिरीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड. पैसे गेल्याचे कळताच १९३० वर फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. चॅट डिलीट करू नका, यूपीआयचे स्क्रीनशॉट ठेवा, धमकी आली तरी आणखी पैसे देऊ नका. आणि त्या 'सरकारमान्य' प्रमाणपत्रावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. क्रमांक खरा असला तर तो कुणाच्या नावावर आहे ते एका मिनिटात दिसते.